ओव्हरड्राइव्ह दंतचक्र पेटी

मोटारगाडीच्या ज्या दंतचक्र पेटीत (गॅरेजच्या भाषेत गिअरबॉक्स) बाहेर पडणारा दंड एंजिनाच्या भुजादंडापेक्षा अधिक वेगाने फिरेल अशी एक गती उपलब्ध असते, तिला ओव्हरड्राइव्ह दंतचक्र पेटी म्हणतात. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना एंजिनाचे फेरे कमी ठेवणे, त्यायोगे इंधनाची बचत, कमी आवाज व कमी झीज साधणे हा या गतीचा हेतू होय. जुन्या गाड्यांच्या पेट्यांत तीन वा चार गती असत व त्यांतील शेवटची गती थेट असे, म्हणजे भुजादंडाचा एक फेरा झाला की बाहेरच्या दंडाचाही एकच फेरा होई. अशा गाडीतील मूळ पेटी काढून तिच्या जागी ओव्हरड्राइव्ह असलेली, विशेषतः स्वयंचलित पेटी बसविण्याची प्रथा अमेरिकेत १९८० नंतर रूढ झाली. भारतात हेच काम बहुधा हाताने गती बदलण्याच्या पाच गतींच्या पेटीने करण्यात येते. दोन्ही ठिकाणी अनुभव एकच आहे : पेटी बदलणे म्हणजे गाडीत केवळ एक गती वाढविणे नव्हे. एंजिन, मागील आस, प्रोपेलर दंड, तेलाचे शीतन व गतिरोधक या सर्वांचा हिशोब नव्याने मांडला, तरच या बदलाचा लाभ होतो.

तत्त्व : दंतचक्रांच्या जोडीत वेगाचे गुणोत्तर दात्यांच्या संख्येवर अवलंबून असते. कोल्हापूर जिल्ह्यातील कबनूर व त्यास लागून असलेले इचलकरंजी या यंत्रमागांच्या गावी याचे साधे उदाहरण पाहावयास मिळते. धोट्याच्या साध्या यंत्रमागात वरच्या भुजादंडाचे दोन फेरे होतात, तेव्हा खालच्या दंडाचा एक फेरा होतो. कारण खालच्या दंतचक्राचे दाते वरच्याच्या दुप्पट असतात. येथे वेग निम्मा होतो व फिरविण्याचा जोर, म्हणजे पीडन, दुप्पट होते. मोटारगाडीच्या पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या गतीत याच प्रकारे वेग देऊन पीडन मिळविले जाते. ओव्हरड्राइव्हमध्ये व्यवहार उलट असतो : पीडन देऊन वेग घेतला जातो.

पेटीचे गुणोत्तर हे एकूण गुणोत्तराचा एक भाग असते. दुसरा भाग मागील आसातील विभेदी दंतचक्रमालेचा असतो. समजा, मागील आसाचे गुणोत्तर ४·५ व चाकाचा परिघ २ मी. आहे. ताशी ८० किमी. वेगाने चाक दर मिनिटास सु. ६६७ फेरे करील व प्रोपेलर दंड ३,००० फेरे करील. थेट गतीत एंजिनाचेही ३,००० फेरे होतील. पेटीत ०·७० गुणोत्तराची ओव्हरड्राइव्ह गती असल्यास त्याच वेगाला एंजिनाचे २,१०० फेरे पुरतात. ताशी १०० किमी. वेगाला हेच आकडे अनुक्रमे ३,७५० व २,६२५ असे येतात.

गाडीला हवेचा व रस्त्याचा विरोध तोच असल्याने लागणारी शक्ती बदलत नाही. मग इंधन वाचते ते कसे ? फेरे कमी झाल्यामुळे दट्ट्या, धारवे व झडपा यांच्या घर्षणात जाणारी ऊर्जा कमी होते. शिवाय तीच शक्ती कमी फेऱ्यांत मिळवावयाची असल्याने पेट्रोल एंजिनाची थ्रॉटल झडप अधिक उघडावी लागते व अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्यात वाया जाणारी ऊर्जा वाचते. मात्र ०·७० च्या ओव्हरड्राइव्हमध्ये चाकापर्यंत पोहोचणारे पीडन थेट गतीच्या मानाने ३० टक्के कमी असते. त्यामुळे चढ लागला, समोरून वारा आला किंवा गाडी भरलेली असली की ही गती सोडून खालची गती घ्यावी लागते.

इतिहास : १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील मायबाख कंपनीने श्नेलगांग, म्हणजे जलद गती, या नावाची जोड पेटी आपल्या गाड्यांसाठी आणली. (या कंपनीची एक मोटार कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याकडे असून दसऱ्याच्या सोहळ्यात ती लोकांना पाहावयास मिळते.) अमेरिकेत १९३४ च्या क्रायस्लर एअरफ्लो गाडीत बोर्ग-वॉर्नर कंपनीचे ओव्हरड्राइव्ह बसविण्यात आले. इंग्लंडमध्ये लेकॉक-द नॉर्मनव्हिल ओव्हरड्राइव्ह १९४८ नंतर स्टँडर्ड व्हॅनगार्ड गाडीवर उपलब्ध झाले. ही सर्व साधने मूळ पेटीच्या मागे जोडलेली स्वतंत्र उपकरणे होती.

पूर्णपणे स्वयंचलित अशी मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली पेटी, जनरल मोटर्स कंपनीची हायड्रॅमॅटिक, ओल्ड्समोबील गाडीच्या १९४० च्या नमुन्यात आली. त्यानंतर बरीच वर्षे अमेरिकन स्वयंचलित पेट्यांची शेवटची गती थेटच राहिली. पेट्रोल स्वस्त व एंजिने मोठी असल्याने अधिक गतीची निकड नव्हती. १९७३ च्या तेलसंकटानंतर ही परिस्थिती पालटली. १९७५ मध्ये अमेरिकेने कंपन्यांच्या गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावर कायद्याने मर्यादा घातली आणि त्यानंतर फोर्डची एओडी (१९८०), जनरल मोटर्सची २००-४आर (१९८१) व ७००-आर४ (१९८२) या चार गतींच्या पेट्या आल्या. त्यांची चौथ्या गतीची गुणोत्तरे अनुक्रमे ०·६७, ०·६७ व ०·७० आहेत. मोडीत निघालेल्या गाड्यांतून या पेट्या सहज मिळू लागल्यावर १९५०–७० या काळातील गाड्यांत त्या बसविण्याचा प्रघात पडला.

रचना : स्वयंचलित पेटीत ग्रहीय दंतचक्रमाला वापरतात. मध्यभागी सूर्य दंतचक्र, त्याभोवती वाहकावर बसविलेली ग्रह दंतचक्रे व त्यांना बाहेरून वेढणारे, आतल्या बाजूस दाते असलेले वलय दंतचक्र असे तिचे तीन भाग असतात. यांपैकी एक धरून ठेवला, दुसऱ्यास गती दिली व तिसऱ्यापासून गती घेतली, तर निरनिराळी गुणोत्तरे मिळतात. ओव्हरड्राइव्हसाठी सूर्य दंतचक्र पट्ट्याने धरून ठेवतात, एंजिनाची गती वाहकास देतात व वलयापासून ती बाहेर घेतात. सूर्य दंतचक्रास ३० व वलयास ७० दाते असल्यास वाहकाच्या ७० फेऱ्यांमागे वलयाचे १०० फेरे होतात व गुणोत्तर ०·७० येते. पट्टे व बहुतबकडी क्लच तेलाच्या दाबाने आवळले जातात. कोणता क्लच केव्हा आवळावयाचा हे गाडीचा वेग व थ्रॉटलची स्थिती यांवरून झडपांची पेटी ठरविते.

एंजिन व पेटी यांच्यामध्ये तेलाने भरलेला टॉर्क परिवर्तक असतो. गाडी जागेवरून निघताना तो पीडन वाढवितो. पण एकसारख्या वेगाने जातानाही त्यात थोडी घसरण चालू राहते व ती उष्णतेच्या रूपाने तेलात उतरते. ही हानी टाळण्यासाठी ओव्हरड्राइव्ह असलेल्या बहुतेक पेट्यांत परिवर्तकाचे दोन्ही भाग एकमेकांत जखडणारा क्लच असतो. ७००-आर४ व २००-४आर या पेट्यांत तो विद्युत् झडपेने चालतो. जुन्या गाडीत पेटी बसविताना हे तारकाम राहून गेल्यास क्लच लागत नाही. त्यामुळे इंधनाची अपेक्षित बचत पदरी पडत नाही आणि तेल तापते.

प्रत्यारोपण : प्रथम एंजिनाच्या मागील बाजूचे बोल्ट व पेटीच्या घंटाकृती कवचाची छिद्रे जुळतात की नाही हे पाहावे लागते. ती जुळत नसल्यास मधे जोडपट्टी घालतात. हाताने गती बदलण्याच्या पेटीबरोबरचे जड प्रचक्र काढून त्याच्या जागी पातळ लवचिक तबकडी बसवितात व तीस परिवर्तक जोडतात. परिवर्तक आधी पेटीच्या पुढील पंपात पूर्णपणे बसलेला असणे आवश्यक असते. तो अर्धवट बसलेला असताना बोल्ट आवळून पेटी एंजिनाकडे ओढली, तर गाडी सुरू होण्यापूर्वीच पंप फुटतो.

दुसरा प्रश्न लांबीचा असतो. जनरल मोटर्सच्या तीन गतींच्या टर्बो हायड्रॅमॅटिक ३५० पेटीच्या जागी २००-४आर पेटी घेतल्यास लांबी तीच राहते. मात्र मागील आधार सरकवावा लागतो. ७००-आर४ ही सु. ७५ मिमी. अधिक लांब असल्याने आधाराचा आडवा दांडा हलवून प्रोपेलर दंड आखूड करावा लागतो. आखूड केलेला दंड यंत्रावर संतुलित करून घ्यावा लागतो. तसे न केल्यास ठराविक वेगाला गाडी थरथरते व पेटीच्या मागील टोकाचे धारवे आणि सील लवकर झिजतात. दंडाचे पेटीशी व आसाशी होणारे कोनही पूर्वीप्रमाणे राखावे लागतात. वेगमापक हा पेटीच्या बाहेर पडणाऱ्या दंडावरून चालत असल्याने ओव्हरड्राइव्हमुळे त्यात चूक येत नाही. परंतु नव्या पेटीतील लहान चालक दंतचक्राचे दाते गाडीच्या आसाशी व टायरशी जुळणारे असावे लागतात.

थ्रॉटलची केबल : ७००-आर४ व २००-४आर यांत कार्ब्युरेटरपासून पेटीपर्यंत एक बारीक केबल जाते. तीन गतींच्या जुन्या पेटीतील केबल केवळ जोरात पाय दाबल्यावर खालची गती घेण्यासाठी असे. म्हणून ही नवी केबलही त्याच कामाची आहे असा समज होतो. वस्तुतः क्लच आवळणाऱ्या तेलाचा दाब या केबलवर अवलंबून असतो. ती सैल राहिली, तर एंजिन पूर्ण जोर लावीत असताना तेलाचा दाब मात्र कमी राहतो, क्लच घसरतात व थोड्याच अंतरात जळतात. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर केबल पूर्ण ओढली गेली पाहिजे आणि मधल्या प्रत्येक स्थितीत ती त्याच प्रमाणात ओढली गेली पाहिजे. यासाठी कार्ब्युरेटरच्या तरफेचा आकारही योग्य असावा लागतो. नुकत्याच दुरुस्त केलेल्या पेट्या पुन्हा उघडाव्या लागण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. १९९३ पासून ७००-आर४ च्या जागी आलेल्या ४एल६०-ई या पेटीत केबल नसते. दाब व गतिबदल यांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते. म्हणून कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत ती बसविताना स्वतंत्र नियंत्रक व थ्रॉटलची स्थिती सांगणारा संवेदक लागतो.

शीतन : स्वयंचलित पेटीचे तेल हे वंगण, दाब देणारा द्रव व उष्णता वाहून नेणारा द्रव अशी तिन्ही कामे करते. ते साधारणपणे ८०°–९०° से. तापमानास दीर्घकाळ टिकते, १२०° से.च्या वर ते झपाट्याने खराब होते व सील कडक पडतात. हाताने गती बदलण्याच्या गाडीच्या रेडिएटरमध्ये तेलासाठी नळी नसते. तेव्हा रेडिएटरच्या पुढे वेगळा शीतक बसवावा लागतो. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात व घाटाच्या चढावर हा शीतक ऐच्छिक समजता येत नाही.

मागील आस : ओव्हरड्राइव्हचा उपयोग मूळ आसाचे गुणोत्तर मोठे असेल तेथेच होतो. वरील उदाहरणातील चाकाला ३·०८ गुणोत्तराचा आस असल्यास ताशी ६० किमी. वेगाला थेट गतीत एंजिनाचे १,५४० फेरे होतात. ०·७० च्या ओव्हरड्राइव्हमध्ये ते १,०८० च्या आत येतात. इतक्या कमी फेऱ्यांत एंजिन गाडी ओढू शकत नाही. ते गुरगुरते, थरथरते व पेटी वारंवार खालच्या गतीत येते-जाते. अशा गाडीत पेटी बदलणे व्यर्थ ठरते किंवा आसही बदलावा लागतो.

भारतातील स्वरूप : हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर (१९५८–२०१४) व महिंद्र कंपनीची जीप या दीर्घकाळ चाललेल्या गाड्या अरुंद रस्ते, कमी वेग व भरपूर ओझे यांना साजेशा होत्या. महिंद्रने बांधलेल्या सीजे-३बी जीपच्या आसाचे गुणोत्तर ५·३८ होते. चाकाचा परिघ २·२ मी. धरल्यास ताशी ६० किमी. वेगाला एंजिनाचे सु. २,४५० व ताशी ८० किमी. वेगाला सु. ३,२६० फेरे होतात. शेतातून किंवा चिखलातून जाण्यास हे गुणोत्तर उत्तम. महामार्गावर मात्र एंजिन सतत ओरडत राहते. ०·७५ गुणोत्तराचे ओव्हरड्राइव्ह मिळाल्यास ताशी ८० किमी. वेगाला एंजिनाला पूर्वीच्या ६० किमी. इतकेच फेरे करावे लागतात.

डीझेल एंजिन बसविलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांत ही अडचण अधिक जाणवते. डीझेल स्वस्त असल्याने असे बदल भारतात अनेक वर्षे होत राहिले. जुन्या धाटणीच्या डीझेल एंजिनाचे कमाल फेरे पेट्रोल एंजिनापेक्षा कमी असतात. पण आस मात्र पेट्रोल एंजिनासाठी योजलेलाच राहतो. परिणामी गाडी जोरदार, पण संथ होते. तिला ओव्हरड्राइव्ह ही चैन नसून हरवलेला वेग परत मिळविण्याचे साधन असते.

पश्चिम महाराष्ट्रात याला रस्त्यांच्या सुधारणेमुळे विशेष महत्त्व आले. कबनूर-इचलकरंजी परिसरातून कोल्हापूर वा पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना लागणारा पुणे–बंगळूर महामार्ग (पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्र. ४, सध्याचा क्र. ४८) २००० नंतरच्या दशकात चौपदरी झाला. त्यामुळे पूर्वी ताशी ५०–६० किमी. वेगाने चालणाऱ्या गाड्यांना ताशी ८० किमी. वेगाच्या वाहतुकीत सामील व्हावे लागले.

अँबॅसडरच्या बाबतीत कंपनीनेच हा मार्ग दाखविला. १९९२ च्या सुमारास तिने १,८०० घ. सेंमी.चे इसुझू पेट्रोल एंजिन व तळाशी दांडी असलेली पाच गतींची पेटी देण्यास सुरुवात केली. हीच सामग्री जुन्या अँबॅसडरमध्ये बसविता येते. परंतु ती पेटी इसुझू एंजिनासाठी घडविलेली असल्याने १,४८९ घ. सेंमी.च्या जुन्या एंजिनाला ती सरळ जुळत नाही. जोडपट्टी तयार करावी लागते किंवा एंजिनासह सर्व संच बदलावा लागतो. जीपमध्ये तीन गतींच्या पेटीऐवजी त्याच कंपनीच्या पुढील नमुन्यांतील चार वा पाच गतींची पेटी घालतात.

चालकाने घ्यावयाची काळजी : सह्याद्रीच्या घाटांत ओव्हरड्राइव्ह बंद ठेवणे आवश्यक असते. आंबा घाट, फोंडा घाट किंवा गगनबावड्याहून कोकणात उतरणारे करूळ व भुईबावडा घाट येथे उतारावर गाडी एंजिनाच्या विरोधाने आवरावी लागते. ओव्हरड्राइव्हमध्ये एंजिनाचे फेरे कमी असल्याने हा विरोध फार थोडा मिळतो व सर्व भार गतिरोधकांवर पडतो. सतत दाबून ठेवलेले गतिरोधक तापतात व त्यांची पकड घटते. म्हणून निवडक दांडी खालच्या गतीत ठेवता आली पाहिजे. येथे एक अडचण उद्भवते. तीन गतींच्या जुन्या स्वयंचलित गाडीच्या दांडीला सहा स्थाने असतात, तर ७००-आर४ पेटीला सात लागतात. जुनीच दांडी व जुनीच पट्टी ठेवल्यास एखादे स्थान हाती येत नाही किंवा पट्टीवरील अक्षर व प्रत्यक्ष गती यांत फरक पडतो. दांडी दोन स्थानांच्या मधे राहिल्यास क्लचना पुरेसा दाब मिळत नाही. गाडी गतीत असताना एंजिन सुरू होऊ नये यासाठी असलेला सुरक्षा स्विच नव्या पेटीशी जुळवून घ्यावा लागतो.

ढकलून गाडी सुरू करण्याची सवयही सोडावी लागते. या पेट्यांतील तेलाचा पंप एंजिनावरच चालतो. एंजिन बंद असताना चाके फिरली, तरी दाब निर्माण होत नाही. त्यामुळे ढकलून एंजिन सुरू होत नाही. याच कारणाने मागील चाके जमिनीवर ठेवून गाडी दूरवर ओढून नेल्यास पेटी वंगणाअभावी खराब होते.

वेग वाढविणाऱ्या सुधारणेबरोबर थांबविण्याची सोयही वाढली पाहिजे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताशी ६० ऐवजी ८० किमी. वेगाने जाणाऱ्या गाडीची ऊर्जा सु. पावणेदोन पट होते व थांबताना ती सर्व गतिरोधकांनाच शोषावी लागते. चारही चाकांना ढोल पद्धतीचे गतिरोधक असलेल्या जुन्या गाडीत पेटीपूर्वी गतिरोधक, सुकाणू व टायर यांची दुरुस्ती करणे श्रेयस्कर होय.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा असाच कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनुज्ञा नसलेले भाग बसवून केलेल्या प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा ठेवण्यात आल्या. एंजिनाचा क्रमांक, त्याची घनक्षमता व इंधन या बाबी नोंदणीपत्रात असतात. म्हणून केवळ पेटी बदलणे व पेटीसह एंजिन बदलणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. सांगाडा कापून वा वितळजोड देऊन केलेला बदल अधिक गंभीर ठरतो. कामास हात घालण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून खात्री करून घेणे इष्ट असते.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत करण्यात आलेल्या बदलानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, कवच वा एंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने पुरातन वाहने म्हणून नोंदविता येतात. अशी वाहने प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येतात. रोजच्या वापराची गाडी व जतन करावयाची गाडी या दोन्ही गोष्टी एकाच वाहनात साधणे त्यामुळे कठीण झाले आहे. जी गाडी पुढे मूळ रूपात आणावयाची आहे, तिच्या बाबतीत सांगाड्यास नवीन छिद्र न पाडता बोल्टने बसणारे आधार वापरणे आणि मूळ पेटी, प्रोपेलर दंड व दांडी तेल लावून, चिठ्ठ्या बांधून जपून ठेवणे हा सुज्ञ मार्ग समजला जातो. काढलेले भाग भंगारात गेल्यावर तसेच भाग पुन्हा मिळविणे नवी पेटी मिळविण्यापेक्षा बहुधा कठीण असते.